टोपलीवरचा रुमाल

रुमाल वाळत घालून एमिल हुदाक कॉफी प्यायला आत गेला. बाहेर आला तेव्हा पांढऱ्या कापडावर तांबडा ठिपका पडला होता. पोलाद कारखान्याचा तांबूस धूर सकाळी सरोवराकडे चालला होता, तो आता गावाकडे वळला होता.

बारा वाजता चर्चमध्ये ईस्टरच्या टोपल्यांवर पवित्र पाणी शिंपडायचं होतं. हॅम, अंडी, गोड पाव, सगळं टोपलीत भरून झालं होतं. वर घालायचा रुमाल तेवढा राहिला होता. त्यावरचं भरतकाम त्याच्या बायकोनं, लुदमिलानं, लग्नाआधी केलं होतं. ती गेल्यानंतरचा हा पहिलाच ईस्टर. रुमाल पांढराशुभ्र न्यायचा, एवढं एकच एमिलनं ठरवलं होतं. त्यानं ठिपक्यावर साबण घासला. ठिपका पसरला.

शेजारची सोकोरो कुंपणापलीकडून बघत होती. तिनं आपल्या चादरी केव्हाच आत नेल्या होत्या.

"भाऊ, धूर कुठं चाललाय ते बघितलं नाहीत?"

"जन्मभर भट्टीवर होतो. धूर वर जायचा. पुढं कुठं जातो ते कोण बघतंय?"

"आम्ही बघायचो ना. तुम्ही धूर करायचात, आम्ही धुवायचो."

एमिल हसला नाही. लुदमिलाच्या हातून असं कधी झालं नसतं, एवढंच तो म्हणाला.

सोकोरो फाटकातून आत आली आणि तिनं रुमाल हातात घेतला. काठाला लाल फुलांची ओळ होती. ओळ सोडून मधेच कुठं कुठं एखादं सुटं फूल होतं. टाके मोजताना लुदमिलाचं चुकलं असेल, असं एमिलला वाटायचं. त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"हे वारा फिरला त्या वर्षीचं," एका सुट्या फुलावर बोट ठेवून सोकोरो म्हणाली. "हेही तसलंच. आणि हे माझ्यामुळं. गप्पा मारत बसलो होतो दोघी."

एमिलनं रुमाल उलटा केला. टाक्यांच्या मागं तांबूस डाग होते.

लाल दोरा लुदमिलाच्या डब्यात सापडला. सोकोरोनं सुई ओवून दिली, पण भरायला त्यानं तिला दिलं नाही.

चर्चमध्ये फादर पाणी शिंपडत टोपल्यांच्या रांगेतून पुढं गेले. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या वेरानं वाकून रुमाल पाहिला. मधलं वाकडंतिकडं फूल तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"हे काही लुदमिलाचं नव्हे."

"नव्हे," एमिल म्हणाला. "हे यंदाचं."