शंभरावं पुस्तक

माझ्या दुसरीतल्या बहिणीने, आमच्या पिटुकलीने, वर्षभरात शंभर पुस्तकं वाचून शाळेच्या वाचन मेळाव्यात चक्क पहिला नंबर मारला! टाळ्यांनी हॉल नुसता दणाणला. तिला रोज वाचायला बसवणारी मी, म्हणून बाईंनी माईक थेट माझ्याच हातात दिला.

"अगं, आमचं कार्टं पुस्तकाला हात लावत नाही," पुढच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या. "हिला एवढी गोडी लावलीस तरी कशी?"

मी माईक तोंडाशी नेला. पण पिटुकली बक्षीस घ्यायचं सोडून हॉलच्या दाराकडेच बघत उभी होती.


आई घर सोडून गेली, त्या दिवशी रडणाऱ्या पिटुकलीला मीच सांगितलं होतं, "शंभर पुस्तकं वाचलीस ना, की आई परत येईल."