अळीच्या पोटातला आवाज

खाणीखालची राक्षसी अळी माणसं गिळायची आणि उरलेल्यांच्या मनात शिरून गिळलेल्यांच्या आवाजात बोलायची. सुरुंगवालीने तिच्या बिळाशी दारू ठासली, तेवढ्यात डोक्यात चार वर्षांपूर्वी गिळलेल्या नवऱ्याचा आवाज आला, "अगं, थांब. मी आत जिवंत आहे." "माझंच मन वाचून मलाच फसवतेस?" ती म्हणाली. "मला ठाऊक नाही ते सांग. त्यांनी पेटीची किल्ली कुठे ठेवली होती?" उत्तर आलं, "चुलीमागच्या सैल विटेखाली." ती घरी धावली. किल्ली तिथेच होती, चार वर्षांच्या काजळीत. ती मुठीत घेऊन ती बिळाशी परतली. "अहो, दुखतं का हो तिथे?" "फार. 'थांब' म्हणाली ती अळी. आता मी बोलतोय. पेटव." तिने वात पेटवली, आणि अर्धी जळेपर्यंत ती त्याला लेकीच्या संसाराचं, नातवाच्या पहिल्या दाताचं सांगत राहिली. मग पळाली.