गणपूर्ती

ग्रामसभेला पुरेशी माणसं जमलीच नव्हती. सभा तहकूब झाली, तर पाण्याच्या टाकीचा ठराव पुन्हा लांबणार होता. नवी सरपंच सुगंधा हिरमुसून दाराकडे बघत होती.

तेवढ्यात भागीरथीकाकू आल्या, निवडणुकीत तिच्याकडून हरलेल्या. मागोमाग त्यांच्या आळीतल्या बायका. सुगंधाला वाटलं, आता या ठराव हाणून पाडणार!

काकू पुढेच फतकल मारून बसल्या. "झाली गणपूर्ती," ग्रामसेवक म्हणाले आणि त्यांनी ठराव वाचला. पहिला हात वर गेला तो काकूंचा.

सभा संपताच सुगंधा धावत त्यांच्याकडे गेली. "काकू, तुमचे उपकार..."

"उपकार कसले? पुढच्या निवडणुकीत तुला पाडणारच आहे मी," काकू हसल्या. "पण तोवर माझ्या सुनांनी नदीवरून हंडे का वाहायचे?"