साठ पॅच

प्राचार्य लॅबमध्ये आले आणि उभ्याउभ्याच बोलले. "सोमवारी तपासणी समिती येतेय. शनिवारपर्यंत कॉलेजच्या नावावर साठ पॅच गेले पाहिजेत."

शाहनवाज सर खुर्चीतून उठले. "सर, पॅच असे ऑर्डरनं होत नाहीत. ही आकांक्षा बघा, चार महिन्यांपासून एकाच बगवर बसली आहे."

"चार महिन्यांत एक?" प्राचार्यांनी आकांक्षाकडे पाहिलं, मग ते सरांकडे वळले. "सर, दोन वर्षं पाऊस नाही. खेड्यातली पोरं ॲडमिशन घेत नाहीत, निम्मे वर्ग रिकामे आहेत. समितीनं शेरा मारला तर पुढच्या वर्षी तुमचं काय, माझं काय?"

सर तासिका तत्त्वावर होते. ते खाली बसले.

संगणक चालवणाऱ्या एका खुल्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, जगभरातली माणसं मिळून सगळ्यांसमोर लिहितात. त्यात कुणीही दुरुस्ती पाठवू शकतं, आणि अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात, हे आकांक्षाला याच सरांनी सांगितलं होतं. ती तिवशाहून रोज एसटीनं अमरावतीला यायची. तिचा जुना लॅपटॉप झाकण मिटून उघडला की कीबोर्ड मरून पडायचा. का मरतो, हे शोधण्यात तिचे चार महिने गेले होते. कीबोर्ड जागा व्हायच्या आधीच कर्नल त्याला हाक मारून मोकळा होत होता.

तिची पहिली मेल ठरलेल्या साध्या मजकुराच्या रूपात नव्हती म्हणून परत आली. दुसरीला त्या भागाची जबाबदारी सांभाळणाऱ्या एका जर्मन माणसाचं उत्तर आलं : 'काय बदललं ते दिसतं आहे. का बदललं ते लिहा.' आपलं काम कुणीतरी ओळ न् ओळ वाचलं, या आनंदात तिला दोन दिवस जेवण गोड लागलं होतं. आता तिसऱ्यांदा पाठवायच्या आधी झाकण पन्नास वेळा मिटून-उघडून चाचणी घ्यायची होती. घरी बारा तासांचं भारनियमन, म्हणून ती चाचणी लॅबमध्ये घेत होती.

प्राचार्य गेले.  सर म्हणाले, "आकांक्षा, तुला पाठवता येतं. बाकीच्यांना दाखवून दे बेटा."

ती नाही म्हणू शकली असती. म्हणाली नाही. दाखवायला म्हणून पहिला पॅच तिनंच पाठवला. एका शब्दाचं स्पेलिंग बदललं, बस. मग ती एकेका खुर्चीमागं उभी राहिली.

तेल्हाऱ्याचा गजेंद्र स्क्रीनकडे बघून म्हणाला, "मले तर समजूनच नाही राहिलं, हे काय लिहेल आहे."

"समजाचं नाही आहे," ती म्हणाली. "फक्त स्पेलिंग पाह. चुकलं दिसलं का बदल, खाली नाव टाक, पाठव."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच आवाज प्राचार्यांसारखा वाटला.

शनिवारी संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट पॅच गेले. प्राचार्यांनी सगळ्यांना कचोरी मागवली. सोमवारी समितीनं भिंतीवर लावलेला 'त्रेसष्ट पॅच' असा फलक वाचला, सरांशी हात मिळवले आणि 'उल्लेखनीय' असा शेरा लिहिला.

मंगळवारी जर्मन माणसाची मेल आली. सरांनी ती सगळ्यांना वाचून दाखवली. 'तुमच्या कॉलेजातून दोन दिवसांत त्रेसष्ट पॅच आले. त्यातल्या अकरांत कोडमधली नावंच बदलली आहेत, त्यामुळे कर्नल तयारसुद्धा होत नाही. तुम्हाला कुणीतरी हे करायला लावलं, हे मला कळतं. पण यापुढे या कॉलेजच्या पत्त्यावरून आलेलं काहीही मी वाचणार नाही.' 

आकांक्षानं पन्नास वेळा झाकण मिटून उघडलं. पन्नासही वेळा कीबोर्ड चालला. तिनं सहा ओळींत का बदललं ते लिहिलं आणि पॅच कॉलेजच्या नव्हे, स्वतःच्या खासगी मेलवरून पाठवला.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. 'तुमचं नाव मला आठवतं. ही दुरुस्ती बरोबर असेलही. पण त्या त्रेसष्टातला पहिला पॅच तुमच्याच नावाचा होता, आणि तुम्ही बदललेला शब्द मुळात बरोबर होता. आता तुमची प्रत्येक ओळ मला तपासावी लागेल. तेवढा वेळ माझ्याकडे नाही.'

तिनं तो शब्द डिक्शनरीत काढून पाहिला. माणूस खरं बोलत होता.

 दुरुस्ती तिच्या लॅपटॉपवर चालत होती. जगात त्या एकाच लॅपटॉपवर चालत होती.

पुढच्या महिन्यात पहिल्या वर्षाची सबीहा लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. पातूरची पोरगी, होस्टेलवर राहायची. "दीदी, मले पॅच पाठवाचा आहे. फलकावरचा नाही, खरा वाला. कुठून सुरू करू?"

आकांक्षानं तिला शेजारी बसवलं. नवा कर्नल आधी आपल्याच मशीनवर चालवून पाहायचा. जे आपल्याला रोज छळतं, तेच धरायचं. दुसऱ्यांच्या मेल महिनाभर नुसत्या वाचायच्या, मग तोंड उघडायचं. उत्तर कडक आलं तर रडायचं नाही, पुन्हा पाठवायचं. का बदललं ते आधी लिहायचं. सबीहा एकेक गोष्ट वहीत उतरवून घेत होती.

"अन् कॉलेजचं नाव कुठं टाकू?" तिनं विचारलं.

"नको टाकू," आकांक्षा म्हणाली. "अमरावतीची आहो, हे पण कोणाले सांगू नको."

सबीहानं तेही लिहून घेतलं आणि खाली रेघ ओढली.