ट्रॉम्बोनची जागा

"वा! हायस्कूलचा निरोपसमारंभ अजून व्हायचाय, आणि कॉलेजचं अख्खं वर्ष आत्ताच खिशात!" कॉलेजच्या सल्लागार बाई कौतुकाने म्हणाल्या.

कॉलीन खुलली. शाळेत असतानाच मुलीला कॉलेजचे विषय घ्यायला तिनेच लावलं होतं. "अकाउंट्स, नर्सिंग, मानसशास्त्र, सगळं चाखायला लावलं मी हिला. पोरीला आपली आवड कळायला नको?"

"मग मेरन, मुख्य विषय कुठला घेतेस? सगळ्यात जास्त कशात रमलीस?"

मेरन जरा घुटमळली. "शाळेच्या बँडमध्ये. ट्रॉम्बोन वाजवायचे मी. पण त्याचे कॉलेजचे क्रेडिट गुण मिळत नव्हते, म्हणून आईने सोडायला लावलं."

"अगं, इथे बँडमध्ये वाजवायचेही क्रेडिट देतो आम्ही! ऑगस्टमध्ये येताना घेऊनच ये तुझा ट्रॉम्बोन."

कॉलीनने उगाचच पर्स उघडली, पुन्हा बंद केली. मेरनच्या खोलीत अभ्यासाचं टेबल मावावं म्हणून गेल्या उन्हाळ्यात तिने दारात गराज सेल लावून घरातल्या जुन्या वस्तू विकून टाकल्या होत्या.

मेरन तिच्याकडे वळली. आवाजात राग नावालाही नव्हता.

"आई, ज्यांनी तो नेला, त्यांचं घर आठवतं का गं तुला?"