चुंबळ

लेकीच्या पणजीने, आजीने आणि मी कोरड्या नदीपलीकडून पाणी वाहिले. लेकीने मात्र घागरीला हात लावायचा नाही, हा माझा हुकूम. तिच्या वाटणीच्या खेपाही मीच केल्या. ती शिकली आणि मंगळाच्या छायाचित्रांत मेलेल्या नद्यांची वळणे शोधू लागली. यंदा तीच नजर आमच्या परसाकडे वळली. "आई, नदीचं जुनं वळण इथं गाडलंय." तिने गडी लावून खणायला घेतले. खड्डा पुरुषभर खोल झाला, तरी धूळच. खेपेहून परतलेली मी थकून म्हणाले, "बयो, पुरे. मंगळावरच्या नद्या मंगळावरच राहू देत." तेवढ्यात टोपलीतून गुळगुळीत गोटा वर आला. "वाऱ्यानं घासलेल्या दगडाला कडा असतात, आई. हा पाण्यानं घोळवलाय. खणा अजून!" हातभर खाली पाणी झिरपले. पहिली घागर भरून तिने माझ्या डोक्यावरची चुंबळ आपल्या डोक्यावर ठेवली. "तू बस." आयुष्यात प्रथमच मी कुणाचा हुकूम मानला.