राणीचा एडका

गव्हर्नरसाहेबांनी एडक्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो उचललाच नाही.

फर्दापूरच्या डाकबंगल्यापुढं जमलेली माणसं वाट बघत राहिली. नजराण्याची रीत सगळ्यांना ठाऊक होती. निजामाच्या राज्यात सुभेदार आला की गावचे जमीनदार आप्पासाहेब असंच काहीतरी पुढं करायचे. सुभेदार नुसता हात लावायचा, मान हलवायचा, आणि वस्तू आली तशी घरी जायची. देणाऱ्याचा मान राहायचा आणि वस्तूही राहायची. पोलीस ॲक्शन होऊन सहा वर्षं झाली, सुभेदार गेले, पण आप्पासाहेबांची हौस काही गेली नव्हती. त्यात आज वेस्ट इंडीजमधल्या कुठल्याशा बेटाचे गव्हर्नर लेणी बघायला आलेले. आप्पासाहेब फेटा बांधून पहाटेपासून तयार होते.

एडका मात्र त्यांचा नव्हता. तो मुंजाबा धनगराचा होता. मुंजाबाची मेंढरं आप्पासाहेबांच्या पडीक रानात चरायची. त्यामुळं सकाळी त्यांचा गडी भिकन दोरी घेऊन आला तेव्हा त्याला नाही म्हणता आलं नाही.

"सायबानं हात लावला की झालं, लगीच परत," भिकन म्हणाला होता. मग खाली बघत पुढचं बोलला, "आन् शुक्रवारी मालकाची कंदुरी हाय, पिराच्या नवसाचं जेवान. तिथं ह्योच कापायचाय."

आई मेलेल्या त्या कोकराला मुंजाबानं शेळीच्या दुधावर वाढवलं होतं. कळपात एडका तेवढाच. हात उचलला की तो परत येणार होता, आणि परत आला की कापला जाणार होता. म्हणून त्या सगळ्या गर्दीत एकटा मुंजाबा मनातल्या मनात म्हणत होता, सायेब, हात उचलू नगा.

साहेब काहीतरी बोलले. तहसिलीतला कारकून रामकिसन दुभाष्या म्हणून शेजारी उभा होता. तो घसा साफ करून म्हणाला, "साहेब म्हणतात, राणीसरकारच्या नावानं कबूल."

"कोणत्या राणीच्या?" आप्पासाहेब दचकले.

"त्यांच्या. बेट राणीचं हाय, पण राणी तिथं राहत नाय. म्हणून तिच्या खुर्चीवर हे बसतात. तिच्या नावानं सही करतात, तिच्या नावानं भाषण वाचतात."

"आन् स्वतःच्या नावानं?"

"काहीच नाय. कुणी छत्री दिली तरी ती राणीची."

"अरे, मग परत द्या म्हणावं! रीत हाय ती आपली!"

रामकिसननं विचारलं. साहेबांनी फार वाईट वाटल्यासारखे दोन्ही हात पसरले.

"साहेब म्हणतात, मला स्वतःहून काही करता येत नाय. राणीसरकारला विचारावं लागतं. तुम्ही पत्र लिहा."

एडक्याला मोटारीत चढवायला चार माणसं लागली. चढला तो मागच्या गादीवर ऐसपैस बसला आणि शेजारी बसलेल्या साहेबांच्या मडमेच्या टोपीवरची दोन फुलं खाऊन त्यानं तिसऱ्याला तोंड घातलं. मडमेनं किंकाळी फोडली. साहेबांनी एडक्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, मग गर्दीकडं. गर्दीत एकच माणूस हसत होता, आणि हसता हसता डोळे पुसत होता.

"याला कुणी वाढवला?" त्यांनी रामकिसनकडून विचारलं.

मुंजाबा पुढं झाला. साहेबांनी डाकबंगल्याचा एक कागद मागवला, बॉनेटवर ठेवून चार ओळी लिहिल्या आणि खाली लांबलचक सही ठोकली. रामकिसननं तो मोठ्यानं वाचला.

"हा एडका राणीसरकारचा. मुक्काम फर्दापूर. तो सांभाळायला राणीसरकारच्या वतीनं मुंजाबाची नेमणूक केली आहे."

एडक्याला खाली उतरवलं आणि मोटार धुरळा उडवत गेली. मुंजाबानं कागद पटक्यात खोवला आणि राणीचा एडका घेऊन घरी आला.

गुरुवारी सकाळी आप्पासाहेब स्वतः त्याच्या दारात उभे राहिले.

"मुंजाबा, झाली तेवढी गंमत पुरं. एडका सोड. उद्या कंदुरी हाय, माणसं सांगून बसलोय."

मुंजाबानं साहेबांसारखेच दोन्ही हात पसरले. "मालक, मला सोताहून काय करता येत नाय. रानीसरकारला इचारावं लागतंय. तुमी पत्र लिवा."

"अरं, माझ्या रानात मेंढरं चारतोस ना तू?"

"चारतो की. त्यात एक रानीचा हाय. हाकला म्हनताव? तसं लिवून द्या, म्या पुढं धाडतो."

आप्पासाहेबांनी त्या पटक्यातल्या कागदाकडं बघितलं. लिहून देण्याची त्यांना पहिल्यापासून धास्ती. ते परत गेले.

पण दुपारी पुन्हा आले. नेमलेल्या माणसाला वळवायची त्यांना एकच रीत ठाऊक होती. आपला लाडका तुरेवाला कोंबडा त्यांनी रेशमी रुमालावर बसवून आणला होता. त्या कोंबड्याला ते पोटच्या पोरावाणी जपायचे.

"नजराणा हाय," ते हळूच म्हणाले. "नुस्ता हात लाव, मान हलव, आन् मग आपन एडक्याचं बोलू."

मुंजाबानं धोतराला हात पुसले. कोंबड्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो उचललाच नाही.

"रानीसरकारच्या नावानं कबूल," तो म्हणाला.

आत त्याच्या बायकोनं, बानाबाईनं, चुलीवर आधण आधीच ठेवलं होतं.